खोळमास्तर आणि घरघर

माझ्या धाकट्या भावाच्या घरात सदैव उघडी असलेली वस्तू एकच, त्याचं तोंड. बाकी सगळ्याला खोळ. मिक्सरला खोळ, टेबलफॅनला खोळ, टीव्हीच्या रिमोटला खोळ. छत्रीला तर दोन. एक दुकानातून येते ती, आणि ती मळू नये म्हणून यानं वरून शिवलेली. पावसात छत्री उघडायची तर आधी दोन बटणं, एक नाडी आणि एक चेन सोडवावी लागते. तोवर माणूस चिंब होतो, छत्री मात्र कोरडी राहते.

तो शिंपी आहे. कपडे शिवून उरलेल्या कापडाचं काय करायचं हा प्रश्न त्यानं तरुणपणीच कायमचा निकालात काढला. गल्ली त्याला मास्तर म्हणते. मी खोळमास्तर म्हणते. त्यात टोमणा आहे हे त्याला अजून कळलेलं नाही. उलट नव्या गिऱ्हाइकाला तो अभिमानानं सांगतो, "ताई मला खोळमास्तर म्हणते. कॉलेजात शिकलेली आहे ती."

मी त्याच्याच वरच्या मजल्यावर राहते. खाली चहाला जाते आणि रोज काहीतरी बघून डोकं तापवून वर येते. त्यामुळे पुढे सांगते आहे ते ऐकीव नाही.

मास्तरचं शिलाई मशीन काळं, पायाचं, त्याच्या लग्नाच्याही आधीचं. सकाळी उठून तो आधी मशीन पुसतो, मग स्वतःचा चष्मा. सुईखालच्या दात्यांत अडकलेला कापूस ब्रशनं काढतो, ठरलेल्या भोकांत तेलाचा एकेक थेंब सोडतो, चाक हातानं फिरवून कान देतो, आणि "हं, बोललं" म्हणून कामाला बसतो. काम संपलं की बटण बंद करून दिवा घालवायचा आणि मशीनला फलालीनची खोळ घालायची. त्या मशीननं त्याला उभ्या आयुष्यात कधी दगा दिला नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे. एका मशीनशी ज्याचं इतकं जमलं, त्याला वाटतं जगातली सगळी मशिनं एकाच आईची लेकरं.

आता आमची भावजय. ती शाळेत भूगोल शिकवायची, म्हणून सगळी गल्ली तिला बाई म्हणते. नवराही बाईच म्हणतो, आणि आता मीही. निवृत्त झाल्यावर घरात बसून मटार सोलणारी ती नव्हे. गावाबाहेरच्या अंध मुलींच्या वसतिगृहासाठी तिनं पाठ्यपुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायला घेतली. त्या वर्षी भूगोलाचं पुस्तक बदललं होतं आणि ब्रेलमधली प्रत अजून निघाली नव्हती. म्हणजे परीक्षेपर्यंत बाईंचा आवाज हेच त्या मुलींचं पुस्तक. दुसरं नाहीच.

माझी भाची नोकरीसाठी परगावी गेली तेव्हा आपला जुना कॉम्प्युटर आईसाठी ठेवून गेली. जाताना आईला सगळं शिकवलं, आणि बापाला एकच वाक्य सांगितलं, "बाबा, तुम्ही त्याला हात लावायचा नाही." खोळमास्तरला असं सांगणं म्हणजे माशीला गुळाचा पत्ता देणं.

कॉम्प्युटर ठेवला बाहेरच्या खोलीत, म्हणजे मास्तरच्या दुकानातच. कापडं बेतायचं लांब टेबल, खिडकीपाशी मशीन, पलीकडे इस्त्रीचं टेबल, दोरीवर टांगलेले तयार कोट. कोटांमुळे आवाज घुमत नाही, म्हणून तोच कोपरा बरा, असं भाचीचंच म्हणणं. पडदा आणि कीबोर्ड छोट्या टेबलावर, आणि मुख्य डबा खाली जमिनीवर, जिथे दिवसभराचे धागे, कातरण आणि खडूची पूड गोळा होते.

दुपारी बाई भिंतीकडे तोंड करून बसायची, कानांवर माइकवाले मोठे हेडफोन चढवायची आणि वाचायला लागायची. त्या वेळात मास्तर मशीन बंद ठेवायचा आणि तिच्या पाठीमागे बसून हातशिलाईची कामं करायचा. काजं, बटणं, तुरपाई. सगळी गल्ली म्हणायची, काय समजूतदार नवरा आहे!

समजूतदार खराच. पण कॉम्प्युटर दिवसाचे बाकीचे तासही त्याच खोलीत असायचा.

पहिली लढाई झाली ती बंद करण्यावरून. संध्याकाळी मास्तर खोली आवरायचा आणि भिंतीवरचं बटण सरळ खाली करायचा. दिवा, पंखा, इस्त्री, कॉम्प्युटर, सगळे एका झटक्यात गार.

"अहो, तो असा बंद करायचा नसतो," बाई म्हणायची. "आधी इथे दाबायचं, मग तो विचारतो, मग आपण हो म्हणायचं. मग तो आपला आपण बंद होतो."

"बाई, बंद करायला त्याची परवानगी काढायची? उद्या इस्त्री म्हणेल, मला विचारल्याशिवाय पिन काढू नका."

"पुढच्या वेळी चालू होताना तो कुरकुर करतो मग."

"सकाळी उठताना मीही करतो. म्हणून कोणी मला विचारून झोपवतं का?"

इस्त्री आणि कॉम्प्युटर एकाच लांब वायरीच्या बोर्डावर होते. शेजारी टेबलफॅन आणि फोनचा चार्जर. इस्त्री तापायला लागली की कॉम्प्युटरचा पडदा डोळा मारायचा. मी म्हटलं, "अरे, त्याला वेगळी जागा दे." तर म्हणतो, "ताई, एका घरात राहायचं तर थोडं सांभाळून घ्यायला नको का?"

मग साफसफाई. कपड्यांना इस्त्रीआधी पाणी मारायची फवाऱ्याची बाटली असते ना, ती यानं पडद्यावर मारली आणि फलालीननं घसघस पुसलं. पाणी ओघळून खालच्या पट्टीत शिरलं, आणि पडद्याच्या तळाशी एक काळसर डाग कायमचा मुक्कामाला आला. बाईनं तो निरखून पाहिला आणि म्हणाली, "आता आपल्याकडे बारमाही ढगाळ हवामान."

बाईही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. वाचताना घसा सुकतो म्हणून चहाचा कप कीबोर्डाला खेटून. एकदा नकाशाचं पान उलटताना कोपर लागलं आणि दोन चमचे साखरेचा चहा अक्षरांमध्ये मुरला. दुसऱ्या दिवशी मी माझ्या गॅलरीतून खाली पाहिलं, तर मागच्या दोरीवर दोन पँटींच्या मधे चिमटे लावून कीबोर्ड लटकतोय. टपटप गळतोय.

"काय रे, हे काय वाळत घातलंयस?"

"कीबोर्ड, ताई. चिकट झाला होता."

"आणि तू तो धुतलास?"

"कॉलरच्या ब्रशनं. पण साबण सौम्य लावला हं, लोकरीचा."

"आता इस्त्रीही करणार असशील!"

"नाही गं," तो गंभीरपणे म्हणाला, "प्लास्टिक आहे ना ते."

नवा कीबोर्ड आला. पण मी हे सगळं सांगते आहे ते या फुटकळ गोष्टींसाठी नाही. घरघरीसाठी.

एका दुपारी मी खाली गेले तर बाई हेडफोन काढून, टेबलावरच्या मूठभर स्पीकरला कान लावून बसली होती. "वन्सं, जरा ऐका बरं."

मी ऐकलं. बाईंचा खणखणीत आवाज : "विषुववृत्ताकडे वाहणाऱ्या या वाऱ्यांना व्यापारी वारे म्हणतात." आणि त्या आवाजाच्या मागे, कुठेतरी खोल, घर्र… घर्र…

"हे काय आहे?" बाईनं विचारलं. "मी एवढी जीव तोडून वाचते आणि मागे हे. त्या मुलींना कानांचाच तर आधार. त्यांनी माझं ऐकायचं की हे?"

मास्तर हातातली सुई कोटाला टोचून उठला, गुडघे टेकून बसला आणि डब्याला कान लावला. आतला पंखा फिरत होता. मास्तरच्या चेहऱ्यावर मला सकाळी मशीनला कान देतानाचं ते तेज दिसलं.

"कोरडा पडलाय," तो म्हणाला. "तेल मागतोय."

"त्याला तेल घालायचं नसतं," मी म्हटलं.

"ताई, तुझ्या कॉलेजात पुस्तकं होती. मशीन होतं का?"

त्यानं आमच्यासमोर तेल घातलं नाही. आमच्या मागे घातलं. डब्याच्या मागच्या जाळीतून, शिलाई मशीनच्या तेलाच्या नळीनं, रोज सकाळी. पंखा बिचारा आणखी जोरानं फिरायला लागला, आणि बाई रोज वाचून झाल्यावर मधलाच एखादा तुकडा लावून ऐकायची तर घरघर होतीच. नद्यांच्या धड्यात होती, पर्वतांच्या धड्यात तर चढावरच्या ट्रकसारखी होती. एकाच दिवशी नव्हती. त्या दिवशी मास्तर दुपारभर गिऱ्हाइकांकडे तयार कपडे पोचवत फिरत होता. संध्याकाळी घरी आल्यावर बाईनं बातमी दिली, "अहो, आज घरघर नाही!"

"तेल लागू पडलं!" तो म्हणाला, आणि त्या आनंदात आपण चोरून तेल घालत होतो हे त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी घरघर परत आली. मग मास्तरनं हत्यार काढलं. त्याचं ठेवणीतलं हत्यार.

खोळ.

खरं सांगते, इतकं सुंदर काम मी त्याच्या हातून दुसरं पाहिलेलं नाही. बाहेरून निळसर गरम कापड, आत कोटाचं अस्तर, मधे कापसाचे थर, आणि सगळं चौकटी चौकटींत हातानं टाचलेलं. डब्याच्या कडांवर पाइपिंग. मागे वायरी बाहेर काढायला मोठं काज, त्याच्या कडा रेशमी दोऱ्यानं विणलेल्या. बाईंच्या वाचनात आतला आवाज येऊ नये म्हणून कुठे बोटभर फट ठेवली नव्हती. खोळ चढवून तो दोन पावलं मागे झाला.

"खांद्यात बघा, एक सुरकुती नाही."

बाईनं हात फिरवून पाहिला. तिचा चेहरा मऊ झाला. "अहो, माझ्यासाठी एवढं?"

"तुमच्यासाठी नाही, त्या मुलींसाठी," मास्तर लाजून म्हणाला.

अशा वेळी तिसऱ्या माणसानं गप्प बसावं. मला ते जमत नाही. "अरे, त्यानं श्वास कुठून घ्यायचा?"

"थंडीत आपण कोट घालतो. आपला श्वास बंद होतो का?"

"आपलं नाक बाहेर असतं!"

"ताई, तू चहा घे," तो म्हणाला.

पुढे व्हायचं तेच झालं. डबा तापायला लागला. तापला की पंखा जास्त फिरायचा, आवाज वाढायचा, आणि आवाज वाढला की मास्तर आत कापसाचा आणखी एक थर द्यायचा. कधी कधी कॉम्प्युटर मधेच आपला आपण बंद पडायचा. मास्तर म्हणायचा, "बघा, न विचारता बंद होतो की नाही? मला मात्र विचारायला लावता." त्या कोपऱ्यात छान ऊब असते असा त्याला शोध लागला, आणि खोळीवर तो ओल्या कॉलरी वाळत टाकू लागला.

मी बाईला एकदा स्पष्ट विचारलं, "सगळ्या धड्यांची प्रत काढून ठेवली आहेस ना?"

"ठेवलीय की, वन्सं. दोन-दोन. एक पडद्यावर उजवीकडे, एक डावीकडे."

"दोन्ही याच डब्यात?"

"मग काय शेजाऱ्यांच्या?"

"अगं, घराला आग लागली तर उजवीकडचं कपाट वाचतं का?"

"काहीतरीच अभद्र बोलता! एवढं शेवटचं वाळवंट उरलंय. ते झालं की पेनड्राइव्ह आणणारच आहे."

वाळवंटाच्या दिवशी मी वर पेपर वाचत होते. खालून जळका वास आला. मी जिना उतरले तेव्हा बाई शेवटचं वाक्य संपवत होती, हेडफोन कानांवर, आणि मास्तर नाक वर करून खोलीभर हुंगत फिरत होता. "इस्त्री! इस्त्री चालू राहिली!" असं ओरडून त्यानं भिंतीवरचं बटण खाली केलं. त्याच क्षणी बाईनं धडा साठवायचा म्हणून माउस दाबला होता. पडदा काळा झाला.

इस्त्री गारच होती. तिची पिन सकाळपासून काढलेली होती.

बटण पुन्हा वर केलं. काही नाही. मास्तरनं खोळ ओढून काढली आणि हात झटकला. डबा तव्यासारखा तापला होता. त्यानं पुठ्ठ्यानं वारा घातला, बाहीनं पुसला, आणि मग फवाऱ्याची बाटली उचलली.

"खबरदार!" मी बाटली हिसकावली. अर्धी माझ्याच अंगावर उडाली.

आता बाई तोंडाचा पट्टा सोडणार, असं मला वाटलं. मास्तरलाही वाटलं. तो मान खाली घालून तयारच होता. पण बाईनं हेडफोन काढले, त्यांची वायर नीट गुंडाळली, पुस्तक मिटलं आणि एवढंच म्हणाली, "उद्या सकाळी वसतिगृहाची गाडी येणार. मुली वाट बघतायत."

मग ती गप्प. जन्मभर ज्या बाईनं वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात शिकवलं, तिची शांतता घरात मावेना.

"बाई, काहीतरी बोला," मास्तर म्हणाला. "रागवा तरी."

बाई माझ्याकडे वळली. "वन्सं, यांना सांगा, मी काही बोलत नाहीये."

चौकापलीकडे एक कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मास्तरनं डब्याच्या वायरी सोडवल्या, डबा उचलला आणि सवयीनं त्याचा हात खोळीकडे गेला. बाहेर धूळ असते, दुसरं काही नाही. बाईनं नुसतं पाहिलं. त्यानं खोळ खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस एखादी वस्तू उघडी घेऊन रस्त्यावरून चालला. डबा छातीशी धरलेला, चेहरा असा की जणू आपणच बिनसदऱ्याचे निघालो आहोत. मागे बाई, तिच्यामागे ओल्या अंगानं मी.

दुरुस्तीच्या दुकानाची मालकीण चाळिशीची, ठसठशीत. अंबाड्यात स्क्रू ड्रायव्हर खोचलेला. लोक तिला डॉक्टरीण म्हणतात. तिनं डबा आडवा केला, बाजूचा पत्रा काढला आणि आत डोकावली.

"हा कॉम्प्युटर आहे की उशी?"

आत करडा, तेलकट, दाट कापूस गच्च बसला होता. धागे, खडूची पूड आणि तेल मिळून त्याचं चक्क कापड झालं होतं. तिनं चिमट्यानं एकेक वस्तू काढून पुठ्ठ्यावर ठेवायला सुरुवात केली. टाचण्या. एक हुक. शर्टाचं बटण.

"हे मी शोधत होतो," मास्तर हळूच म्हणाला.

"तेल कुणी घातलं?"

मास्तरनं ते बटण खिशात टाकलं.

"एकच थेंब," मास्तर म्हणाला.

"रोज एकच," मी म्हटलं.

"आणि वरून काय घातलं होतं? एवढा भाजलाय कशानं?"

"कोट," मास्तर म्हणाला.

डॉक्टरीण हसली नाही. ती अशी माणसं रोज बघत असावी. "बाहेरची खोळ तुम्ही शिवलीत, आतली यानं स्वतःच विणली. वीज देणारा भाग जळलाय. पंखा गेला. बाकीचं काय काय शिल्लक आहे ते बघावं लागेल."

"मशीन राहू द्या हो," बाई पहिल्यांदाच बोलली. आवाज बारीक झाला होता. "माझे धडे?"

डॉक्टरणीनं आतून सगळं साठवून ठेवणारी एक चपटी पेटी सोडवली आणि आपल्या कॉम्प्युटरला जोडली. पडद्यावर काही येईना. बाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली, उलगडलं, पुन्हा गुंडाळलं. मास्तर डोळे मिटून उभा. मी त्याच्यावर इतकी वैतागले होते, तरी त्या क्षणी त्याच्याकडे बघवेना.

"हे का?" डॉक्टरीण म्हणाली. पडद्यावर धड्यांची रांग उभी होती. हवा, वारे, नद्या, पर्वत, सगळे. एक सोडून. वाळवंट नव्हतं.

"साठवता साठवता वीज गेली असणार," ती म्हणाली. "तो गेला. बाकीचे नीट वाजतात का बघू या."

तिच्या दुकानात मोठे स्पीकर होते, कपाटाएवढे. तिनं वाऱ्यांचा धडा शेवटच्या भागापासून लावला. बाईंचा आवाज दुकानभर झाला, आणि त्यामागून, आमच्या मूठभर स्पीकरातून कधीच नीट ऐकू आलं नव्हतं ते सगळं बाहेर आलं. घर्रर्र… मग बारीक शिट्टी… मग ओठांची फुर्र… मग पुन्हा घर्रर्र.

प्रिंटर दुरुस्तीला घेऊन आलेला एक माणूस बाकावर बसला होता. त्यानं विचारलं, "कोण घोरतंय?"

सगळे स्पीकरकडे बघत होतो. बाईंचं शेवटचं वाक्य संपलं. स्पीकरमध्ये शांतता पसरली. त्या शांततेनं कोणीतरी दचकून जागं झालं, एक जोरदार खुर्रक आली, आणि मास्तरचा आवाज, स्पष्ट, प्रेमळ : "वा! छान वाचलंत हो बाई."

बाई सावकाश नवऱ्याकडे वळली.

"हा पंखा आहे," मास्तर म्हणाला.

"पंखा मला छान वाचलंत म्हणाला?"

"मी दुपारी झोपत नाही. मी तुरपाई करत असतो."

"दुसरा धडा लावा," बाई डॉक्टरणीला म्हणाली. नद्या लागल्या. घर्र, शिट्टी, फुर्र. "वा! छान वाचलंत हो बाई." पर्वत. घर्र, शिट्टी, फुर्र. "वा! छान वाचलंत…"

प्रिंटरवाला उठून दाराबाहेर गेला. त्याचे खांदे हलताना काचेतून दिसत होते.

"सगळ्या धड्यांना सारखंच 'छान'?" बाई म्हणाली. "एक तरी ऐकलात का?"

"सुरुवात ऐकायचो," मास्तर म्हणाला. "तुम्ही वाचायला लागलात की कसं… बरं वाटतं. डोळा लागतो."

बाईनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडते आहे. म्हणून मी पुढे झाले, तर ती हसत होती. इतकी हसली की डॉक्टरणीनं उठून तिला पाणी दिलं. तिला बोलायला सुचलं तेव्हा ती म्हणाली, "तो बिचारा पंखा! काही केलं नव्हतं हो त्यानं."

पण वेळ गेली होती. सगळं पुस्तक पुन्हा वाचायला महिने लागले असते. प्रत्येक धड्याचं शेवटचं "छान वाचलंत" डॉक्टरणीनं कापून टाकलं. घरघर शब्दांखाली इतकी मुरलेली होती, की ती काढायची तर बाईंचा आवाजही सोलला गेला असता. ती राहिली. आणि वाळवंट तिथेच, दुकानाच्या मागच्या खोलीत, पुन्हा वाचायचं ठरलं. पुस्तक बाईंच्या पिशवीत होतंच.

"हे कुठे बसणार?" डॉक्टरणीनं मास्तरकडे बोट करून विचारलं.

"बसणार नाहीत," बाई म्हणाली. "उभे राहणार. बाहेर."

मास्तर दाराबाहेर पहाऱ्याला उभा राहिला. बाई आत वाळवंट वाचत होती आणि हा रस्त्यावर दोन्ही हात पसरून रहदारीला गप्प करत होता. एका स्कूटरवाल्याला त्यानं गाडी बंद करून दुकान ओलांडेपर्यंत ढकलत न्यायला लावली. एक कुत्रं भुंकायच्या बेतात होतं, त्याच्यासमोर उकिडवा बसून हा त्याला समजावत राहिला. त्या धड्यात नको असलेला एकही आवाज नाही. बाईनं त्याच दुकानातून दोन पेनड्राइव्ह घेतले, आणि त्यांतला एक त्याच संध्याकाळी माझ्या वरच्या कपाटात आणून ठेवला. मी कपाटाला कुलूप लावलं.

सकाळी गाडी आली आणि बाईंचा आवाज घेऊन गेली.

कॉम्प्युटर दुरुस्त होऊन परत आला. आता तो टेबलावर आहे, स्वतःच्या वेगळ्या बटणावर, चारी बाजूंनी मोकळा. मास्तर त्याच्यासमोरून जाताना नजर दुसरीकडे वळवतो, अंघोळ करणाऱ्या माणसाच्या दारावरून जावं तसा. ती निळी खोळ मी वर आणली आहे. बसल्यावर गुडघ्यांवर घ्यायला झकास. आणि बंद करायच्या वेळी तो कॉम्प्युटरला तोंडानं विचारतो, "करू का बंद?" मग बाईला हाक मारतो, "हो म्हणाला का बघा."

परीक्षा झाल्यावर वसतिगृहाच्या मॅडमचा फोन आला. बाईनं फोन मोठ्या आवाजावर टाकला. मास्तर काज विणत होता, मी चहा पीत होते.

"मुलींना पेपर छान गेला," मॅडम म्हणाल्या. "आणि काय हो, तुमची ती युक्ती! मागे वाऱ्याचा आवाज. मुली म्हणतात, ऐकता ऐकता आपण डोंगरावर उभ्या आहोत असं वाटतं. फक्त एक विचारायला सांगितलंय त्यांनी."

"विचारा ना," बाई म्हणाली. तिनं आमच्या कोणाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं.

"शेवटच्या धड्यात वारा का नाही? वाळवंटात तर जास्त असतो ना?"

बाईनं क्षणभर विचार केला. "असतो," ती म्हणाली. "पण त्या दिवशी मी त्याला दाराबाहेर उभं केलं होतं."

मला ठसका लागला. मास्तरनं मात्र सुई थांबवली, मान वर केली आणि कोणीतरी गळ्यात हार घालावा तसा ताठ झाला. त्या दिवसापासून तो नव्या गिऱ्हाइकाचं माप घेता घेता सांगतो, "बाईंचं भूगोलाचं पुस्तक ऐकलंत का? त्यातला वारा माझा आहे."